‘नंतर’च्या बटनावरची टिकली

त्या मंगळवारी सकाळी दवाखान्यात कोण कोण होतं ते आधी सांगून टाकते, म्हणजे मांगून कोणी म्हणू नये का मी नव्हतोच. एक मोठे डॉक्टर, डोळ्यायचे. दुसऱ्या त्यायच्या बायको, त्यायले आम्ही मॅडम म्हणतो. डॉक्टर डोळे पाहतात अन् मॅडम बाकी सगळं पाहतात. तिसरी काऊंटरवरची पोरगी. चौथा उमरेडचा एक म्हातारा विणकर, पाचवी त्याची बायको. आणखी बारा जण बाकावर बसून होते, सगळे मोतीबिंदूवाले, सगळ्यायच्या डोळ्यात थेंब टाकून नर्सबाई निघून गेलेली, म्हणून त्यायनं काय पाह्यलं ते साक्षीत धरता येत नाही. कंप्युटरवाला घंटाभरानं आला. अन् मी होती, हातात पोछा घेऊन.

मी तिथं झाडूपोछा करते. नंदनवन वस्तीतला दुमजली दवाखाना आहे, नाव कशाले सांगू, पाटी मीच पुसते. चौदा वर्षं झाली. त्याच्या आधी सावनेरकडं राहत होती, नवरा कोळशाच्या खाणीत होता. तो खोकून खोकून गेला अन् आम्हाले क्वार्टर सोडा लागलं. सांगाले एक ओळ पुरते, जगाले लय वर्षं लागली. पोरगं झालं नाही, पोरगी झाली ते जगली नाही. मंग इकडं बहिणीच्या खोलीत आली. बहिणीले लकवा मारला, आता ती खाटेवर अन् मी खाटेखाली. दोघींचं पोट ह्या पोछ्यावर.

हे काहून सांगून राहिली, तं पुढं जे झालं त्यात दवाखान्याचं काय गेलं ते सगळे सांगतात. माहं काय जाणार होतं ते कोणी सांगत नाही. माही नोकरी जाणार होती, अन् तीही कागदावर डाग लावून. आमचा ठेकेदार बाया पुरवते. एकदा का कोण्या बाईच्या नावावर कागद आला, का तिले तो दुसरीकडं पाठवत नाही. अन् माह्या वयाच्या बाईले ठेकेदाराशिवाय कोण विचारते.

आता त्या बटनाचं.

सकाळी सगळ्यायच्या आधी मी येते. किल्ली माह्याकडं होती. शटर उघडाचं, मेन स्विच वर कराचा, मंग आठ मशीनी एक एक करून चालू कराच्या. काऊंटरवर दोन, डॉक्टरच्या खोलीत एक, चष्म्याच्या दुकानात दोन, वर ऑपरेशनकडं दोन, अन् एक डोळा मोजाच्या मशीनीले जोडलेली. नववी, मोठी, जिन्याखालच्या कपाटात. तिले सर्व्हर म्हणतात. माह्या बकेटी अन् फिनाईल भी त्याच कपाटात. ती कधी बंदच होत नाही म्हणे, खाली बॅटरीचा डब्बा ठेवला आहे. बाकीच्या आठ मशीनी मातर उठाले लय टाईम घेतात, म्हणून ते काम माह्याकडं. पेशंट नवाले येतात, काऊंटरवरची पोरगी दहाले.

मशीन उठली का एका कोपऱ्यात निळा चौकोन येत होता. पहिल्यांदा आला तेव्हा कोणं तरी त्यातलं ‘आत्ता’चं बटन दाबलं. मंग ती मशीन दुपारपर्यंत गोल गोल फिरत बसली, बंद करू नका म्हणे, अन् इकडं काऊंटरवर लोकायची भांडणं. मॅडमनं कंप्युटरवाल्याले बोलावलं. तो वर्षाच्या करारावरचा माणूस. आला का पहिले चहा पिते, मंग सांगते का काही होत नाही.

“मॅडम, ह्या अपडेटच्या लफड्यात पडूच नका,” तो म्हणे. “तुमची डोळा मोजाची मशीन जुनी, तिचं सॉफ्टवेअर जुनं. नवीन आलं का दोघांचं पटणार नाही. मंग मले बोलावसान.”

“मग काय करायचं?”

“नंतर दाबा. रोज दाबा.”

“कधीपर्यंत?”

“मी सांगीन तोपर्यंत.”

त्यानं कधी सांगतलं नाही. आम्ही कधी विचारलं नाही.

मंग मॅडमनं मले बोलावलं. “मावशी, इंग्रजी वाचता येतं का?”

“नाही. मराठी येते, हळू येते.” विहारात एक बाई शिकवत होती, तिथं शिकली.

“बरं, हे बघा, दोन बटनं आहेत. डावीकडचं आत्ता, उजवीकडचं नंतर. तुम्ही उजवीकडचं दाबायचं.”

मी पाह्यलं. म्हटलं, “मॅडम, ह्या मशीनवर चौकोन खाली येते, त्या मशीनवर थोडा वर. मी चुकली तं?”

मॅडम हुशार. पर्समधून टिकल्यायचं पाकीट काढलं, मरून रंगाच्या, गोल, अन् आठही काचांवर बराबर ‘नंतर’च्या जागेवर एक एक टिकली चिकटवली. “जिथं टिकली, तिथं बाण न्यायचा अन् दाबायचं. डावीकडं चुकूनही जायचं नाही.” कंप्युटरवाला तिथंच होता. त्यानं मले माऊस कसा धराचा ते शिकवलं, म्हणे, “मौशी, हलकं बोट, भाकर थापून राहिल्यासारखं नाही.” अन् माह्या हातचा दुसरा चहा पेला.

नवरा गेल्यावर माह्या कपाळाची टिकली गेली. पण आठ मशीनीयच्या कपाळावरची टिकली मी रोज सांभाळत होती. काच पुसताना निघाली तं वाळवून पुन्हा चिकटवत होती. इंजिनियरचं काम होतं, पण ते मी करत होती अन् त्याचा वेगळा पगार नव्हता.

काऊंटरवरची पोरगी आली का पहिले विचारे, “मावशी, दाबलं ना सगळ्यांवर?”

“दाबलं वं.”

“आठही?”

“आठही. तुह्या मशीननं तं दोनदा विचारलं, दोनदा दाबलं.”

“बरं झालं. नाही तं आज मलेच बसा लागलं असतं.”

संध्याकाळचं आणखी वेगळं. एका उन्हाळ्यात हॉलमधल्या कूलरची मोटर रात्रभर चालून जळाली, भिंत काळी झाली. तेव्हापासून मॅडमचा हुकूम, जाताना मेन स्विच पाडून जायचं. कंप्युटरवाला तोंडानं नको म्हणे, पण आपल्यावर येऊ नये म्हणून त्यानं अक्कल लावून ठेवली होती का दिवसा नाही तं नाही, अपडेट रात्री आपोआप होऊन जाईन. त्यानं तशी वेळ लावून ठेवली अन् करारात लिहून भी टाकलं. पण मी मेन पाडून जात होती. म्हणजे ते बिचारं रोज रात्री काम कराले येत असन अन् अंधार पाहून वापस जात असन. त्याले कोणं सांगतलं नाही का इथं मेन पडते, अन् मले कोणं सांगतलं नाही का रात्री कोणी येणार आहे. एका छताखाली दोघं काम करत होतो, भेट नाही.

मशीनीयची काळजी घेत नव्हते असं मातर म्हणता येत नाही. दसऱ्याले सगळ्यायची पूजा होत होती. हळदकुंकू, झेंडूचा हार, कपाटातल्या मोठ्या मशीनीले नारळ अन् वरून लिंबू-मिरची. आमच्या घरी पूजापाठ नाही, आम्ही विहारात जाणारे. पण कीबोर्डात गेलेलं कुंकू दुसऱ्या दिवशी मलेच काढा लागे, काडीले कापूस लावून. चोर दारातून येणार असता तं लिंबू पाहून गेला असता, असं मांगून डॉक्टर म्हणाले. कोणी हसलं नाही.

शेवटी शेवटी चौकोनाचा रंग बदलला. निळ्याचा लाल झाला, आकारानं मोठा, अन् त्यात एक तिकोन. मले इंग्रजी वाचता येत नाही, पण लाल रंग अन् तिकोन म्हणजे काय ते सडकेवर चालणाऱ्या माणसाले समजते. मी मॅडमच्या खोलीत जाऊन सांगतलं.

“मॅडम, आजचा चौकोन लाल आहे.”

“हो का.”

“मोठा भी झाला. चिडल्यासारखा दिसून राहिला.”

“मावशी, लाल असो का हिरवा, टिकलीवर दाबा अन् हॉल पुसून घ्या. पेशंट यायचे आहेत.”

मी दाबलं. चार दिवस लाल आला, चारही दिवस दाबलं. मी दाबलं नाही असं मी तेव्हा म्हटलं नाही, आता भी म्हणत नाही.

मंगळवार म्हणजे मोतीबिंदूच्या ऑपरेशनचा दिवस. डोळ्यात जे भिंग बसवतात त्याचा नंबर ज्याचा त्याचा वेगळा असते. तो आठवडाभर आधी मोजून कंप्युटरात ठेवतात. त्या सकाळी मी मशीनी चालू केल्या तं चौकोन आलाच नाही. मले बरं वाटलं, म्हटलं थकला असन. हॉल झाडला, मांगं वळून पाहते तं आठही काचांवर एकसारखं लिहून आलं, काळ्यावर लाल, अन् खाली एक घड्याळ उलटं चालून राहिलं. टिकल्या जिथल्या तिथं.

मी पोरीले फोन करून लवकर बोलावलं. तिनं उभ्या उभ्या वाचलं अन् स्टुलावर बसली.

“मावशी, आज काय दाबलं तुम्ही?”

“आज काहीच दाबलं नाही वं. आज त्यानं विचारलंच नाही.”

“लिहिलं आहे का तुमच्या सगळ्या फायलींना कुलूप लावलं. पैसे दिले तर किल्ली देऊ.”

मॅडम आल्या. पहिलं काम त्यायनं केलं ते मेन पाडाचं. मंग वर केला. तेच लाल. पुन्हा पाडला. तिसऱ्यांदा पाडला तोवर वरून डॉक्टर उतरले.

“काय झालं?”

“सिस्टीम हँग आहे.”

“रिस्टार्ट करा.”

“तीनदा केली.”

“मग एकदा नीट करा.”

इकडं नर्सबाईनं तेराही जणायच्या डोळ्यात थेंब टाकून दिले होते अन् आपली दुसऱ्या दवाखान्यात ड्युटीवर निघून गेली होती. थेंबानं डोळ्याची बाहुली मोठी होते, जवळचं काही दिसत नाही, उजेड सहन होत नाही. तेरा माणसं रांगेत, मान खाली घालून बसलेली. डॉक्टरनं सांगतलं का आज ऑपरेशन होणार नाही, कोण्या चोरानं फायलीले कुलूप लावलं, तुमचे नंबर सापडून नाही राहिले.

उमरेडचा विणकर उभा राह्यला. हातमागावर बसणारा माणूस. सहा महिन्यापासून त्याले धागा दिसत नव्हता अन् माग रिकामा होता, हे त्याच्या बायकोनं सकाळी आल्या आल्या मले सांगून टाकलं होतं.

“डॉक्टर साहेब,” तो म्हणे, “माहा डोळा तं इथंच आहे. त्याले कुलूप नाही लागलं. पुन्हा मोजा.”

“मोजायची मशीनच बंद आहे, बाबा.”

“मंग चोरानं काय नेलं?”

“तुमचे नंबर.”

“माहा नंबर त्याच्या काय कामाचा? त्याले भी मोतीबिंदू आहे काय?”

बाकावरचे हसले. डॉक्टर हसले नाही.

त्याची बायको मले बाजूले घेऊन म्हणे, “बाई, थेंब टाकून असं उन्हात सोडते काय वं हे? एप्रिलचं ऊन आहे. स्टॅंडापर्यंत मी ह्यायले कसं नेऊ?”

मी माहा दुपट्टा ओला करून त्याच्या डोळ्यावर बांधला अन् ऑटोपर्यंत दोघांले सोडून आली. तो चालता चालता म्हणे, “बाई, तुह्या दवाखान्यात पाहाले आलो होतो, बांधून चाललो.” मले त्याले सांगाचं होतं का तो चौकोन रोज मी बंद केला. नाही सांगतलं. ऑटो निघून गेला.

वापस आली तं कंप्युटरवाला येऊन बसला होता. त्याच्या समोरचा चहा तसाच होता, त्यावरून मले समजलं का गोष्ट मोठी आहे. तो डॉक्टरले समजावून सांगून राहिला होता. मशीन ज्यावर चालते त्या मुख्य प्रोग्रामात एक भोक सापडलं होतं. बनवणाऱ्या कंपनीनं ते भोक बुजवाचं ठिगळ करून साऱ्या जगाले फुकट पाठवलं. चोर त्याच भोकातून आत आला.

मी पोछा पिळता पिळता विचारलं, “भाऊ, भोक कधी सापडलं होतं?”

“झाले असतील चार महिने.”

“अन् ठिगळ?”

“तेही तेव्हाच आलं.”

“मंग ते कुठं होतं?”

त्यानं काचेकडं पाह्यलं, टिकलीकडं पाह्यलं, अन् माह्याकडं न पाहता डॉक्टरले म्हणे, “सर, आम्ही आमच्याकडून पाठवलं होतं. तुमच्या इथून कोणीतरी रोज रद्द केलं.”

डॉक्टरनं मॅडमकडं पाह्यलं. मॅडमनं पोरीकडं पाह्यलं. पोरीनं माह्याकडं पाह्यलं. मी मांगं पाह्यलं तं तिथं भिंत होती.

“सकाळी मशीन मावशी चालू करतात,” मॅडम म्हणाल्या.

“मौशीले कंप्युटरले हात लावू देता तुम्ही?” तो माणूस म्हणे.

मी त्याले म्हटलं, “भाऊ, चहा थंडा होऊन राहिला.” ह्याच्या वर मी त्या दिवशी काही बोलली नाही. बोलून काय होते ते मले खाणीच्या क्वार्टरमधून निघताना समजलं होतं. मॅडम म्हणाल्या का उद्यापासून मशीनीले हात लावू नका, चौकशी होईल, ठेकेदाराला सांगून ठेवते.

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कंपनीची एक इंजिनियर पोरगी आली. बारीकशी, पाठीवर बॅग, केसायले रबर. तिनं पहिले सगळ्या वायरी काढल्या, मंग एक एक मशीन धुतल्यासारखी कोरी केली, अन् मंग ठिगळ लावणं सुरू केलं. मले वाटलं होतं का लय काही पाहाले भेटन. पाहाले काय, काचेवर आकडे सरकत होते. तीस टक्के, एकतीस टक्के. मंग मशीन आपोआप बंद होये, चालू होये, पुन्हा पहिल्यापासून. एवढ्यासाठी आम्ही ते टाळत राह्यलो होतो. बसून राहाचं काम होतं, बस.

तिनं सगळ्यांले हॉलमधून बाहेर काढलं अन् मले म्हणे, “मावशी, तुम्ही इथं बसा. हे होईपर्यंत मेन स्विचला कोणी हात लावला तर मला हाक मारा.”

“मीच रोज पाडते तो.”

“आज तुम्ही राखा.”

स्विचखाली स्टूल टाकून बसली. दुपारी मॅडम आल्या, कूलर बंद करून जाताना सवयीनं हात वर गेला. मी म्हटलं, “मॅडम, नाही.” चौदा वर्षांत त्यायले माह्या तोंडून तो शब्द पहिल्यांदा ऐकू आला असन. त्या वापस गेल्या.

ते पोरगी एका मशीनवर वाकून पाहत होती. नखानं काच खरवडली. दुसऱ्या मशीनवर गेली, तिथं भी खरवडली. मंग आठही पाहून आली. मॅडम, डॉक्टर अन् कंप्युटरवाला तेव्हा दारात उभे होते.

“ह्या टिकल्या इथं कशासाठी?” तिनं विचारलं.

काऊंटरवरची पोरगी फाईल लावाले लागली.

“सगळ्या एकाच जागेवर आहेत,” ते म्हणे, “आणि त्या जागेवर बरोबर ‘नंतर’चं बटन येतं. कोणी लावल्या?”

मॅडमच्या कपाळावर तशीच मरून टिकली होती. त्यायनं रुमालानं घाम पुसला, पण टिकलीले धक्का लागू दिला नाही. डॉक्टर म्हणाले, “लहान मुलं येतात पेशंटबरोबर.” ते इंजिनियर पोरगी माह्याकडं पाहून राहिली. मी खाली पाहत होती, फरशीवर कंप्युटरवाल्याच्या बुटायची धूळ होती.

तिले समजलं, एवढं मले समजलं. पण ती ठिगळ लावाले आली होती, न्याय कराले नाही. संध्याकाळी जाताना मले म्हणाली, “मावशी, कपाटात सर्व्हरच्या बाजूलाच डेटाची दुसरी कॉपी ठेवली होती. तिलाही कुलूप लागलं. किल्ली आणि कुलूप एकाच खिळ्याला टांगल्यासारखं.”

“माह्या बकेटी भी तिथंच असतात,” मी म्हटलं.

“बकेटी बऱ्या आहेत,” ते म्हणे.

शनिवारी मॅडमनं मले खोलीत बोलावलं. डॉक्टर बाजूच्या खुर्चीवर, पेपर वाचत. टेबलावर एक कागद टाईप केलेला, मराठीत, अन् वर पेन काढून ठेवलेला.

“मावशी, इथं सही करा. फॉर्मॅलिटी आहे. विमावाल्यांना द्यायला लागतो.”

“काय लिहिलं आहे?”

“तेच, झालं ते.”

“वाचते मंग.”

“अहो, दोन मिनिटांचं काम आहे.”

“मले दहा मिनिटं लागन,” मी म्हटलं, अन् उभ्या उभ्याच वाचाले लागली. बसा कोणं म्हटलं नव्हतं.

विहारातली बाई शिकवताना एकच गोष्ट सांगे का अंगठा देसान तं सारं देसान, वाचल्याशिवाय काही देऊ नका. मी एक एक शब्द बोटाखाली धरून वाचला. मी, अमुक अमुक, सफाई कर्मचारी. बराबर. मी दररोज सकाळी संगणक सुरू करत असे. बराबर. मी सूचना रद्द करत असे. बराबर. मंग चौथी ओळ आली. मी हे स्वतःच्या मनाने, कोणाच्याही सांगण्याशिवाय केले.

तिथं बोट ठेवलं.

“मॅडम, हे सगळं खरं आहे. ही एक ओळ काढा, सही करते.”

“ती ओळ काढता येत नाही. त्याच्याशिवाय कागदाला अर्थ नाही.”

“मंग ह्या कागदाले फक्त खोट्याचाच अर्थ आहे काय?”

डॉक्टरनं पेपर खाली घेतला. म्हणाले, “मावशी, तुमची नोकरी कुठं जात नाही. ठेकेदाराला मी सांगतो. हा फक्त कागद आहे.”

“डॉक्टर साहेब, ठेकेदार कागदच पाहते. त्याले तुमचा चेहरा दिसत नाही.”

“मग सही करणार नाही तुम्ही?”

मले बहीण दिसली, खाटेवर. सही नाही केली तं आजच घरी बसा म्हणतील, अन् केली तं दोन महिन्यानं, जेव्हा सगळे विसरतील तेव्हा. घरी दोन्ही वेळा बसाचंच होतं. मंग खोटं लिहून काहून बसू.

मी पेन उचलला. मॅडमले वाटलं वळली बाई. मी त्या चौथ्या ओळीच्या खाली, टाईपच्या मधल्या जागेत, माह्या अक्षरानं लिहिलं. माहं अक्षर मोठं, वाकडं, ओळीत बसत नाही. लिहिलं का मॅडमनं टिकली लावून दाखवली, कंप्युटरवाल्यानं माऊस धराले शिकवलं, लाल चौकोन आला ते मी मॅडमले सांगतलं. अन् त्याच्या खाली सही केली, पूर्ण नाव, बापाचं, नवऱ्याचं, सगळं.

मॅडमनं कागद ओढून वाचला. “हे काय लिहिलं?”

“झालं ते.”

डॉक्टरनं मॅडमच्या हातातून घेतला, वाचला, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचला. “हा पाठवता येणार नाही,” ते म्हणाले.

“मग दुसरा टाईप करते,” मॅडम म्हणाल्या.

“दुसऱ्यावर भी मी हेच लिहीन,” मी म्हटलं. “कितीही करा. मले घाई नाही, हॉल पुसून झाला आहे.”

दुसरा कागद झाला, पण माह्या नावाचा नाही. काऊंटरवरच्या पोरीनं मले मांगून वाचून दाखवला. त्यात लिहिलं होतं का तांत्रिक कारणामुळे. तांत्रिक कारण म्हणजे आम्ही चौघं, मॅडम, कंप्युटरवाला, पोरगी अन् मी. विमावाल्यायनं काय दिलं काय नाही ते मले माहीत नाही.

माही नोकरी राह्यली. फक्त किल्ली काढून घेतली. आता सकाळी काऊंटरवरच्या पोरीले नवाच्या आधी या लागते, ते मले पाहून तोंड वाकडं करते. कंप्युटरवाल्याचा करार पुन्हा झाला, त्यानं ह्या वेळी दोन चहा पेले. तेरामधले बारा जण नंबर पुन्हा मोजून ऑपरेशन करून गेले. उमरेडचा विणकर आला नाही. काऊंटरवरून त्याले फोन लावले, बायकोनं उचलला अन् म्हणे का ह्यायचं मन नाही आता. त्याचा माग अजून रिकामाच असन. ह्या सगळ्यात खरं नुकसान कोणाचं झालं ते मले तिथंच सापडते, दुसरीकडं पाहाले जा लागत नाही.

अन् परवाची गोष्ट. मी काऊंटरच्या खाली पोछा मारून राहिली होती. मशीनवर निळा चौकोन आला. पेशंट समोर उभा होता, पोरगी घाईत होती. टिकल्या आता नाहीत, खरवडून टाकल्या. पोरीनं बाण उजवीकडं नेला अन् दाबलं. माह्याकडं पाह्यलं. म्हणे, “मावशी, दुपारी करते. खरंच.”

“मी काही म्हटलं काय?” मी म्हटलं.

दुपारी चष्म्याच्या दुकानात गर्दी होती, पोरगी तिकडं होती.

म्हणून वाचणाऱ्याले एकच मागणं आहे. तुमच्या मशीनवर तो चौकोन आला असन तं आज स्वतःच्या हातानं ‘आत्ता’ दाबा, अन् होईपर्यंत तिथंच बसून राहा. झाडणाऱ्या बाईले दाबाले सांगू नका.